बोटवाले काका

आज सकाळी दूधवाल्यानं पिशवी हातात देत विचारलं, "काका, बोट कुठं लावलीसा?" म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यातली गोष्ट चार दिवसांत आमच्या गल्लीत पोचली. माझं पेन्शनचं पत्र एवढ्या लवकर कधी आलं नाही.

तर एकदाच सांगतो, बोट माझी नाही. भाच्याची आहे. तो इंग्लंडात असतो, घरभाडं परवडेना म्हणून कालव्यातल्या नॅरोबोटीवर राहतो. रुंदीला सात फूटसुद्धा पुरती नाही, लांबीला मात्र दोन एसट्या एकामागं एक लावल्यासारखी. जुनी शेगडी तडकली म्हणून नवीन लाकडाची शेगडी बसवतोय, आणि त्या बोटीच्या छताला असतो बाक, त्यावर धुराडं सरळ उभं राहायचं तर तिरक्या बुडाची कॉलर लागते. तिथला भाव ऐकून ताई म्हणाली, "एवढ्यात उद्यमनगरात सगळी शेगडी करून देतील, तू जा." रिटायर माणसाला 'तू जा' म्हटलं की त्यावर अपील नसतं.

गेलो. कारखानदार सज्जन, ड्रॉइंग बघून "पाच इंची पाइप ना?" एवढंच विचारलं. घोळ घातला तो शेजारी उलट्या डब्यावर बसलेल्या बाबांनी. पांढरी टोपी, मांडीवर पंपाचा इंपेलर, हातात चहा. यांचा माझा काय संबंध?

"कशाचं धुराडं म्हणायचं ह्ये?"

"बोटीचं."

"कुठली बोट?"

"पाण्यातली," मी म्हणालो. इथंच चुकलं.

बाबांनी चहा खाली ठेवला. "आरं ए, बंद कर ती मशीन! काकांनी बोट घेतल्या!" ग्राइंडर थांबला. पलीकडच्या लेथवरचा पोरगा हात पुसत आला.

"रंकाळ्यात सोडणार का पंचगंगंत?"

"इंग्लंडात आहे ती. भाच्याची."

"मग पावसाळ्यापुरती हिकडं मागवा की. उपेग हुईल."

सगळे खदाखदा हसले. मला नाही आलं हसू. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, ऑगस्ट २०१९ ला पाणी ५५ च्या वर होतं, आणि माझी सासुरवाडी कुंभार गल्लीत. सासूबाईंना वरच्या मजल्यावरनं बोटीत उतरवलं तेव्हा त्यांच्या हातात देवांचं गाठोडं आणि गोळ्यांचा डबा, बाकी सगळं पाण्यात. २०२१ ला परत तेच. पंचनामे होतात, पूररेषेवर चर्चासत्रं होतात, आणि नदीकडंच्या रस्त्यानं जावं तर भराव टाकायचं काम सुरूच. आता हे उद्यमनगरात उभं राहून कुणाला सांगणार, तिथं तर बोट म्हणजे जोक.

बाबा मात्र आता पुरते रंगात आलेले. "शेगडी केवढी?"

"पाच किलोवॅट. दुकानदार आठची गळ्यात मारत होता."

"मोठी घेऊच नगा. मोठी घेतली की उकडतंय, मग तोंड दाबून जाळायची, आणि धुराड्यात डांबर धरतंय." गुऱ्हाळावर तीस वर्षं चुलवाण जाळलंय म्हणाले. "लाकूड वाळल्यालं हाय का? वलं घातलं की निम्मा जाळ पाणी आटवण्यातच जातोय. बरं, शेगडी बोल्टनं आवळली का? बोट हालती न्हवं?"

"आवळणार आहे."

"मागं काय, फळी?"

"फळीपुढं मोकळी जागा सोडून जळणार नाही असला बोर्ड. खाली फरशी." हे मी भाच्याच्या मेसेजमधून पाठच केलेलं, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा उभा होतो.

"आणि वारं आत कुठनं येतंय?"

हे मेसेजमध्ये नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले म्हणून भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडं अकरा वाजलेले, तिथं पहाटेचे साडेपाच. पोरगं ब्लँकेटमधनं डोकं काढून म्हणतंय, "मामा, व्हेंट आहेत, पण थंडी शिरते म्हणून मोजे कोंबलेत."

बाबांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. विचारलं नाही, काही नाही. "ए बाळा, पैलं ते मोजं काढ. माझ्यासमोर काढ." आणि आमचं इंजिनिअर पोरगं, जे माझं एक वाक्य पुरं ऐकून घेत नाही, ते गुपचूप उठलं आणि भोकातनं मोजे उपसायला लागलं. एक, दोन, तीन. चौथा मीच गेल्या दिवाळीला दिलेला, लोकरीचा.

"धूर बरा," बाबा सांगत होते, "धूर डोळ्यात जातोय, माणूस उठतंय. निखाऱ्याची घुसमट उठवत न्हाई."

बरोबरच होतं ते, हाच तर राग आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गॅस गीझर लावून बाथरूमची खिडकी बंद, ही बातमी आपल्याकडं दर थंडीत येते. तिकडं इंग्लंडात १ एप्रिल २०१९ पासून राहत्या बोटीत या वायूच्या अलार्मची अट आहे. भाच्याकडंही अलार्म आहे. सेल उतरला, टुकटुक वाजायला लागला, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलेला. बाबांनी तोही काढायला लावला.

कॉलर झाली, छान झाली. तीन खेपा माझ्या, पेट्रोल माझं, पैसे माझे. बिलावर लिहिलंय 'बोटवाले काका, धुराडं, १ नग'. आणि काल ताईचा फोन, डोळ्यात पाणी वगैरे. "त्या बाबांनी पोराचा जीव वाचवला बघ. त्यांना शर्टपीस आणि पेढे नेऊन दे."

मला? मला काही नाही. मी नुसता फोन धरला होता, तोसुद्धा थोडाच वेळ.

आत्ता दुपारी पेढे घेऊन गेलो तर बाबा नव्हतेच, इंपेलर घेऊन कधीच गावाकडं गेलेले. दारातल्या पोरानं मला लांबनंच बघितलं आणि आत तोंड करून ओरडला, "मालक, बोटवाले काका आल्यात! पेढं आणल्यात! बोट पोचली वाटतं!"