‘अरेंज असताना ऑर्डर कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मोघम नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की आर या आकडेवारीच्या संगणकभाषेत डीप्लायर पॅकेजचं अरेंज हे फंक्शन एका ओळीत काम उरकतं, मग आरमध्ये अनेक कॉलमांवर सॉर्ट करायला शिकवताना मी आरचं मूळचं ऑर्डर फंक्शन, चौकटी कंस आणि त्यातला तो लोंबकळणारा स्वल्पविराम (ओळी निवडल्या, कॉलम सगळेच, हे सांगणारा) लोकांच्या गळ्यात कशाला मारतो? शिवाय उलट्या क्रमासाठी मजकुराच्या कॉलमपुढे वजाचिन्ह चालत नाही, ही तक्रार वेगळीच.

रोजच्या कामात मीही अरेंजच लिहितो. तरी शिकवताना ऑर्डर आधी. कारण ऑर्डर तक्त्याला हातच लावत नाही, फक्त जागा सांगतं. ३०, १०, २० दिले तर उत्तर येतं २, ३, १. म्हणजे आधी दुसऱ्या जागेवरचा आकडा उचला, मग तिसऱ्या, मग पहिल्या. (३, १, २ वाटलं होतं? ते रँकचं उत्तर, म्हणजे कोणाचा नंबर कितवा. नवखे इथे हमखास गोंधळतात.) जागांचा हा क्रम एकदा हातात आला की तो दुसरीकडेही लावता येतो. जनुकांच्या डेटात नमुन्यांची माहिती एका तक्त्यात असते आणि मोजमापं वेगळ्या मॅट्रिक्समध्ये, तिथे एक नमुना म्हणजे एक कॉलम. तक्ता गट आणि वयानुसार लावलात तर मॅट्रिक्सचे कॉलमही त्याच क्रमाने हलायला हवेत. नुसतं अरेंज मारलंत तर मॅट्रिक्स जागचं हलत नाही. एररही येत नाही, आणि रुग्णाचे आकडे बिनबोभाट निरोगी माणसाच्या नावावर जातात.

पुढचा कॉलम कधी कामाला येतो, तेही बघा. एमटीकार्स या आरसोबत येणाऱ्या नमुना तक्त्यातल्या ३२ गाड्या सिलिंडर चढत्या, मायलेज उतरत्या क्रमाने लावा. टोयोटा कोरोला ३३.९, फियाट १२८ ३२.४, मग होंडा सिव्हिक आणि लोटस युरोपा, दोघी ३०.४. सिव्हिक वर येते ती केवळ मूळ तक्त्यात आधी आहे म्हणून. तिसरा कॉलम वजनाचा दिलात की लोटस वर सरकते, ती हलकी आहे. हे अरेंजलाही लागू.

वजाचिन्हाचं म्हणाल तर ते आकड्यांपुरतंच, कबूल. पण २०१६च्या ३.३.० आवृत्तीपासून ऑर्डरला रेडिक्स ही सॉर्टची पद्धत सांगून डिक्रीजिंग या पर्यायात (उतरता क्रम हवा का?) प्रत्येक कॉलमसाठी वेगळं ट्रू-फॉल्स देता येतं. मजकूरही उलटा लागतो.

मजकुराचा खरा त्रास वेगळा आहे. रेडिक्स, आणि डीप्लायर १.१.० पासून अरेंजसुद्धा, अक्षरं युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमाने लावतात. युनिकोडमध्ये ळ लगेच ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. त्यामुळे आडनावांच्या यादीत काळे आधी आणि कावळे नंतर लागतात. शाळेचा हजेरीपट असता तर बाईंनी परत पाठवला असता! अरेंजला लोकेल (कोणत्या भाषेचा क्रम, ते) ‘एमआर’, म्हणजे मराठी, सांगा (स्ट्रिंगआय पॅकेज लागेल), कावळे पुढे येतात. साधं ऑर्डर मात्र तुमच्या मशीनच्या लोकेलवर चालतं, म्हणून एकच स्क्रिप्ट दोन लॅपटॉपवर दोन याद्या देऊ शकते.

रिकाम्या नोंदी अरेंज कायम तळाला टाकतं, डेस्क (उतरत्या क्रमाची खूण) लावलंत तरी. डेटा.टेबल या दुसऱ्या पॅकेजचं सेटऑर्डर त्या वर आणतं. त्या तळाला हव्या असतील तर तिथे एनए.लास्ट ट्रू स्वतः लिहावं लागतं.