साखर मधातली की डब्यातली, रक्ताला फरक पडत नाही

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पांढरी साखर आधी तरतरी देते आणि मग निराशेत ढकलते, मध, फळं आणि फळांचे रस यांतली साखर ‘जिवंत’ असल्यामुळे मन शांत ठेवते, मुलांच्या धिंगाण्याचं मूळ साखरच, आणि साखर सोडली की नैराश्य जातं, गोळ्यांची गरज उरत नाही. यात थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. बाकीच्या भागाने मात्र माणसांचं नुकसान होऊ शकतं.

आधी ‘जिवंत’ साखरेचं बघू. पांढरी साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. लहान आतड्यात ही जोडी सुटते आणि दोन्ही वेगवेगळे शोषले जातात. मधात हीच फोड मधमाशीने आधी करून ठेवलेली असते. मधाचा सुमारे 80 टक्के भाग साखरच असतो, तीही मुख्यतः याच दोन प्रकारची. एकदा रक्तात उतरलेलं ग्लुकोज कुठून आलं, हे ओळखण्याची सोय मेंदूकडे नाही. मधातली खनिजं म्हणाल, तर चमचाभर मधात ती नगण्य असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत मध, सिरप आणि फळांचा रस वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीला बसवले. दिवसभराच्या ऊर्जेपैकी 10 टक्क्यांहून कमी वाटा या सगळ्यांचा मिळून असावा, असं त्या सांगतात. रोजचा आहार 2000 कॅलरींचा असेल तर हे झाले 50 ग्रॅम. मधुमेह असलेला माणूस ‘नैसर्गिक आहे’ म्हणून निर्धास्तपणे मध घेत असेल, तर त्याला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

मग फळांचं काय? इथे संदेशात फळ आणि रस एकाच ओळीत टाकलेत आणि खरी गफलत तिथेच आहे. 1977 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधासा प्रयोग छापून आला होता. त्याच माणसांना कधी अख्खी सफरचंदं, कधी त्यांचा लगदा, तर कधी रस दिला. साखर तिन्ही वेळा सारखीच. रस झटपट पिऊन झाला, पोट कमी भरल्यासारखं वाटलं, इन्सुलिन जास्त वाढलं आणि नंतर रक्तातली साखर सुरुवातीच्या पातळीच्याही खाली आली. लगद्यानंतरही ती घसरली, पण कमी. अख्ख्या फळानंतर ही घसरण दिसली नाही. साखर तीच, फळही तेच. बदललं ते फक्त फळातल्या तंतूंचं (चोथ्याचं) प्रमाण व घडण आणि खायला लागणारा वेळ. म्हणून ‘नैसर्गिक की प्रक्रिया केलेली’ यापेक्षा ती किती, किती वेगाने आणि कशासोबत पोटात जाते, हे विचारलं पाहिजे.

संदेशातलं तथ्य याच घसरणीत आहे. रिकाम्या पोटी मोठा ग्लासभर गोड पेय घेतलं, तर काही जणांना दोन-तीन तासांनी हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड जाणवते. साखर खाली येताना शरीर ॲड्रेनालिन सोडतं, आणि त्या खुणा चिंतेच्या झटक्यासारख्याच असतात. पण हे ताज्या रसानेही होतं.

सुरुवातीच्या तरतरीला मात्र पुरावा नाही. 2019 मध्ये 31 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. साखर घेतल्यावर मनःस्थिती सुधारल्याचं कुठल्याच टप्प्यावर दिसलं नाही. उलट अर्ध्या तासात थकवा वाढलेला आणि तासाभरात सावधपणा कमी झालेला आढळला.

मुलांबद्दलचा आरोप तर मला अन्यायकारक वाटतो. 1994 च्या एका प्रयोगात सगळ्याच मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं, पण काही आयांना सांगितलं की साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली आणि त्यांनी मुलांना जास्त टोकलंही. साखर कुणाच्याच पोटात नव्हती. मुलांची साखर कमी करायला दात आणि वजन ही कारणं पुरेशी आहेत.

राहिलं नैराश्य. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ पाहणीतून एक निष्कर्ष आला: गोड पदार्थ आणि पेयांतून दिवसाला 67 ग्रॅमहून जास्त साखर घेणाऱ्या पुरुषांत पाच वर्षांनी चिंता-नैराश्यासारख्या तक्रारींची शक्यता 23 टक्क्यांनी जास्त होती. ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. पण ती निरीक्षणातून कळलेली आहे. साखर सोडल्याने आजार बरा होतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. साखर जरूर कमी करा. गोळ्या चालू असतील तर त्या या संदेशावर विसंबून बंद करू नका: अचानक थांबवल्यास चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता सुरू होऊ शकते आणि आजार उलटू शकतो. डोस कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.