गोळीच्या आधीचे प्रश्न

लैंगिक शिक्षणाचा विषय महाराष्ट्रात निघाला की दोन फळ्या ठरलेल्या असतात. २००७ साली शाळांमधला कार्यक्रम विधिमंडळातल्या विरोधानंतर थांबवला गेला तेव्हा त्या दिसल्या, आणि आजही त्या तशाच आहेत. एक म्हणते, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. दुसरी म्हणते, तिकडचे लोक मोकळे आहेत, म्हणून त्यांना हे प्रश्न छळत नाहीत. ब्रिटनमध्ये राहून मला दोन्ही म्हणणी चुकीची वाटतात. लिंगाची ताठरता कमी झाली हे डॉक्टरला सांगायला इथलाही पुरुष कचरतो, टाळतो, इंटरनेटवर चोरून गोळ्या मागवतो. लाज दोन्हीकडे आहे. खरा फरक औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर आहे, आणि आपल्या वादात त्या काउंटरचं नावही निघत नाही.

२०१७च्या अखेरीस ब्रिटनच्या औषध नियामकाने ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलची ५० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मान्यता दिली. पुढच्या वसंतात ती ‘व्हायग्रा कनेक्ट’ नावाने आली. तेव्हा चार गोळ्यांना १९.९९ पौंड. मात्र ती फार्मासिस्टशी बोलल्याशिवाय मिळत नाही. हवं तर बाजूच्या छोट्या खोलीत बसून तो विचारतो: छातीत दुखतं का? वीस मिनिटं भराभर चाललात किंवा दोन मजले चढलात तर धाप लागते का? हृदयासाठी कोणती औषधं चालू आहेत? बीपी फार कमी किंवा आवाक्याबाहेर आहे का? यकृत, मूत्रपिंड, डोळ्यांचा काही आजार? उत्तरं ठीक असली तर गोळी मिळते, आणि सोबत सांगणं असतं की सहा महिन्यांच्या आत डॉक्टरकडून तपासून घ्या.

भारतात हीच गोळी शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही. कागदावर आपला नियम ब्रिटनपेक्षा कडक आहे. प्रत्यक्षात मेडिकलवाला आणि गिऱ्हाईक दोघांनाही व्यवहार दहा सेकंदांत उरकायचा असतो. नाव हळूच सांगायचं, पाकीट कागदात गुंडाळून घ्यायचं, निघायचं. या दहा सेकंदांत एकही प्रश्न विचारला जात नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

कारण आपल्याकडे हृदयाचे कितीतरी रुग्ण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी खिशात बाळगतात. सॉर्बिट्रेट आणि नायट्रोग्लिसरीनचा फवारा ही नायट्रेटं, तसंच निकोरँडिल, ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. सिल्डेनाफिल आणि ताठरतेचीच दुसरी गोळी टाडालाफिल याही त्याच मार्गाने काम करतात. दोन्ही एकत्र पोटात गेली तर बीपी इतकं कोसळू शकतं की माणूस दगावतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट घ्यायचं नाही. नायट्रेट रोज चालू असेल तर या गोळ्या मुळीच घ्यायच्या नाहीत. आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागलं तर लाज बाजूला ठेवून रुग्णवाहिकेतल्या माणसाला पहिल्या वाक्यात हेच सांगायचं, कारण तो सवयीने जिभेखाली सॉर्बिट्रेटच ठेवेल. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखं औषध चालू असेल तर गोळी घेता येते, पण डॉक्टरला विचारून आणि कमी मात्रेने, २५ मिलिग्रॅमपासून.

सहा महिन्यांत तपासणीचा आग्रह कशासाठी, तेही समजून घ्यायला हवं. लिंगाच्या धमन्या साधारण एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. एकच गाळ दोन्हीकडे साचत असेल तर बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळे ताठरतेची तक्रार बऱ्याचदा हृदयविकाराच्या तीन ते पाच वर्षं आधी दिसते. २०२३मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. अशा देशात चाळिशीतल्या पुरुषाची ताठरता हळूहळू कमी होत असेल, पहाटेची ताठरताही गेली असेल, तर पहिली चिठ्ठी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) आणि बीपीच्या तपासणीची हवी. उलट पहाटे सगळं ठीक असतं, एकट्याने ठीक असतं, फक्त जोडीदारासोबत अडतं, तर कारण बहुधा ताण, भीती किंवा नात्यातलं काही असतं, आणि तिथे समुपदेशक गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. नैराश्याच्या, बीपीच्या किंवा केस गळतीच्या गोळ्यांनीही तक्रार येऊ शकते. अशा वेळी त्या परस्पर बंद करू नयेत, बदलून मागाव्यात.

‘गोळी लागू पडली नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण ती चुकीची घेतात. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायची, शक्यतो रिकाम्या पोटी; मटणाच्या जेवणावर घेतली तर परिणाम तासभर उशिरा आणि कमी दिसतो. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. कोणतीही गोळी आपोआप काही करत नाही, मनात इच्छा आणि शरीराला स्पर्श लागतोच. दारू जास्त झाली तर गोळीही हरते. पूर्ण मात्रेत, योग्य रीतीने सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय ती निकामी ठरवू नये. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे नेहमीचे त्रास आहेत. चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता मात्र आणीबाणी आहे, थेट रुग्णालयात जायचं. गोळ्या चालल्याच नाहीत तर लिंगात रक्त खेचणारा निर्वात पंप (त्याची रिंग अर्ध्या तासात काढायची), लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं रोपण असे पर्याय आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम तर फुकट आहे. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या इथल्या एका चाचणीत ५५ पुरुष होते. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या ४० टक्के पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली. लघवी मध्येच रोखल्यासारखे स्नायू आत ओढायचे, सोडायचे, रोज, महिनोन्‌महिने.

शीघ्रपतनाबद्दल आपल्याकडे जेवढी भीती आहे तेवढी माहिती नाही. पाच देशांतल्या जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून मोजलेल्या वेळेचा मध्यांक ५.४ मिनिटं निघाला. अर्ध्या तासाच्या गप्पा ऐकून स्वतःला आजारी समजणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. पहिल्यापासूनच साधारण मिनिटभरात, किंवा आधी ठीक असून नंतर तीन मिनिटांच्या आत स्खलन होऊ लागलं, त्यावर ताबा नसला आणि त्याचा त्रास होत असला, तर ती तक्रार. थांबा-सुरू करा पद्धत अशी: टोकाजवळ पोचल्यावर थांबायचं, ओढ ओसरू द्यायची, पुन्हा सुरू; असं तीनदा करून चौथ्यांदा सोडायचं. लिडोकेन-प्रिलोकेनचा फवारा पाच मिनिटं आधी मारून नंतर पुसून टाकायचा. पुसला नाही तर जोडीदारही बधिर होते. स्खलन लांबवणारी गोळी म्हणजे डॅपॉक्सेटिन: ३० मिलिग्रॅम, एक ते तीन तास आधी, पेलाभर पाण्यासोबत, चोवीस तासांत एकदाच. ती घेऊन झटकन उठलं तर भोवळ येऊ शकते. नैराश्याच्या गोळ्या किंवा ट्रामाडॉलसोबत ती चालत नाही. आपल्या दुकानांत सिल्डेनाफिल आणि डॅपॉक्सेटिन एकाच गोळीत मिळतात. दोन्हींमुळे बीपी उतरतं, म्हणून शीघ्रपतन एवढीच तक्रार असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि धातू, म्हणजे वीर्य, जाण्याची भीती. स्वप्नदोष, हस्तदोष, रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब. या भीतीला १९६०मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी वैद्यकात ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य एका वेळी काही मिलिलिटर असतं, त्यातला बहुतांश भाग ग्रंथींचा द्राव असतो, आणि ते सतत तयार होत राहतं. ते जाण्याने अशक्तपणा येत नाही. येतो तो बहुतेकदा चिंतेतून, नैराश्यातून, आणि त्यावर उपचार आहेत. महाराष्ट्रात हे सांगायला परदेशातून कोणी यायची गरज नव्हती. र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हेच सांगत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला. दुसरीकडे, लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४पासून कायद्याने बंदी असूनही एसटी स्टँडजवळच्या भिंती त्यांनीच रंगलेल्या असतात. उत्तर देणाऱ्याला शिक्षा आणि भीती विकणाऱ्याला मोकळं रान, याचा मला मनापासून संताप येतो. त्या पुड्यांमध्ये अनेकदा न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेलं असतं, म्हणजे ‘पूर्ण आयुर्वेदिक’ समजून ती घेणारा हृदयरुग्ण सॉर्बिट्रेटच्या त्याच सापळ्यात सापडतो.

ब्रिटनचं सगळंच घ्यावं असं नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं देणारी खासगी क्लिनिकं इथे जोरात आहेत आणि ती लाट पुण्या-मुंबईच्या जिमपर्यंत पोचली आहे. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी अकराच्या आत, उपाशीपोटी, आणि कमी आली तर पुन्हा एकदा करायची असते. संध्याकाळच्या एका नमुन्यावर इंजेक्शन सुरू करणं चूक आहे. इथे अहवाल लिटरमागे नॅनोमोलमध्ये येतो, भारतात बहुधा डेसिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये. इथल्या तज्ज्ञांच्या मते ८च्या खाली म्हणजे कमी, १२च्या वर पुरेसं. भारतीय अहवालात ते साधारण २३० आणि ३४६. ज्याला मूल हवंय त्याने तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेऊच नये, कारण त्याने वृषणांना मिळणारा मेंदूचा संदेश बंद होतो आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. औषध थांबवल्यावर ते परतायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं.

मायदेशात चिठ्ठीचा नियम आणखी कडक करा अशी मागणी अधूनमधून होते. माझा तिला विरोध आहे. जो नियम आजच पाळला जात नाही तो कडक करून गिऱ्हाईक भिंतीवरच्या नंबरकडेच जाईल. त्यापेक्षा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मराठीत अर्ध्या पानाचा कागद प्रत्येक मेडिकलला द्यावा. बोलायला लागू नये म्हणून गिऱ्हाइकाने त्यावर नुसत्या खुणा करायच्या: सॉर्बिट्रेट किंवा निकोरँडिल घेता का, छातीत दुखतं का, दोन मजले चढून धाप लागते का, शुगर आणि बीपी शेवटचं कधी तपासलं, प्रोस्टेटची गोळी चालू आहे का. चिठ्ठी असो वा नसो, पहिल्या तिन्हींपैकी एकाला जरी ‘हो’ आलं तर त्या दिवशी गोळी द्यायची नाही, जवळच्या डॉक्टरचा पत्ता द्यायचा. चौथ्याला ‘आठवत नाही’ आलं तर बीपी तिथेच काउंटरवर मोजायचं.