मॅरिसच्या विक्रमापुढची ती चांदणी: एक खुलासा

बेसबॉलच्या गमतीदार आकडेवारीत एक दावा हमखास फिरतो: १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा, मैदानाबाहेर जाणारा फटका) मारून बेब रूथचा १९२७ चा ६० चा विक्रम मोडला, पण नोंदवहीत त्याच्या आकड्यापुढे चांदणी (*), म्हणजे ‘हा विक्रम अटीसह’ अशी खूण, छापली गेली. विक्रम खरा आहे. चांदणी मात्र कधी छापलीच गेली नाही.

गोष्ट निघाली ती त्या वर्षी अमेरिकन लीगचा (अमेरिकेतल्या दोन प्रमुख बेसबॉल लीगपैकी एक) हंगाम १५४ वरून १६२ सामन्यांचा झाला त्यामुळे. जुलैमध्ये बेसबॉलचे कमिशनर (सर्वोच्च प्रशासक) फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं, की रूथला १५४ सामन्यांत मागे टाकलं नाही, तर नोंद वेगळी दाखवावी. (हे फ्रिक एकेकाळी रूथच्या नावाने लेख लिहून देत. निःपक्षपणाबद्दल काय बोलावं!) चांदणीची सूचना डिक यंग या पत्रकाराची. शिवाय तेव्हा लीगची स्वतःची अधिकृत नोंदवही नव्हतीच, मग कमिशनर चांदणी छापणार कुठे? काही प्रकाशनांनी दोन विक्रम वेगवेगळ्या ओळींत दिले, एवढंच.

१५४ सामन्यांअखेर मॅरिस ५९ वर होता. ६१ वा आला १ ऑक्टोबरला, शेवटच्या सामन्यात. पण फलंदाजीच्या संधी मोजा: रूथ ६९१, मॅरिस ६९८. फरक फक्त सातचा!

ही वेगळी नोंद १९९१ मध्ये रद्द झाली. मॅरिस १९८५ मध्येच वारला होता.