साक्षीदाराचा पत्ता कॅमेऱ्याला कशाला हवा?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मारामारीच्या केसमध्ये मी पंच होतो. पोलिसांनी रस्त्यावरून "अहो, जरा इकडे या" म्हणून उभं केलं, पंचनाम्यावर सही केली आणि विसरून गेलो. तीन वर्षांनी समन्स आलं. शिपायाने पुकारा केला, मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ झाली आणि सुरुवातच अशी: नाव, वय, धंदा, राहणार? मी घर नंबर, गल्ली, "मारुतीच्या देवळामागे" सगळं खणखणीत सांगून टाकलं. मागच्या बाकावर आरोपीचा भाऊ बसला होता. त्याने फक्त मान हलवली. पुढे महिनाभर रात्री झोपताना मी दाराची कडी दोनदा बघायचो.

परवा मित्रांमध्ये वाद झाला, खटले टीव्हीवर दाखवावेत की नाही. मी म्हटलं, दाखवा. पण साक्षीदाराला सोडून.

दक्षिण आफ्रिकेत धावपटू ऑस्कर पिस्टोरियसवर खुनाचा खटला चालला, २०१४ साली, प्रिटोरियात. न्यायमूर्ती म्लाम्बोंनी आधीच मधला मार्ग काढला होता. आवाज सगळ्या खटल्याचा जाईल; चित्र मात्र वकील, पोलीस, तज्ज्ञ आणि राजी असलेल्या सरकारी साक्षीदारांचंच. आरोपी आणि त्याचे साक्षीदार पडद्यावर नाहीत. कागदावर उत्तम. पण सुरुवातीलाच, चेहरा दाखवू नका म्हणणाऱ्या साक्षीदार बाईंचा आवाज चालू असताना एका वाहिनीने त्यांचा जुना फोटो लावला. खटला चालवणाऱ्या न्यायमूर्ती मसिपा संतापल्या. मग आणखी एका साक्षीदाराचा फोन नंबर भर कोर्टात वाचला गेला, तोही थेट प्रक्षेपणात. झालं, त्या माणसाला फोन सुरू! म्हणजे चेहरा झाकून भागत नाही, आवाज आणि नंबरही माणसाला शोधून काढतात.

तरी तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१७ मध्ये, दुसऱ्या एका खुनाच्या खटल्यात, कॅमेऱ्याला सरसकट बंदी नको असंच म्हटलं. साक्षीदाराची हरकत असेल तर न्यायाधीशांनी त्या-त्या वेळी ठरवावं. मला हे पटतं. नाहीतर "साक्षीदारांचं रक्षण" या नावाखाली अख्खा खटला बंद दाराआड जायचा.

तशी भीती आपल्याकडेही दिसलेली आहे, आणि तीही मुंबईतच. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एक साक्षीदार म्हणाला, माझी साक्ष छापून आल्याने धंदा बसतोय. न्यायमूर्ती तारकुंडेंनी ती छापायला तोंडी मनाई केली. हो, तेच तारकुंडे, पुढे नागरी स्वातंत्र्यासाठी लढलेले! नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६६ मध्ये हरले. नऊ न्यायमूर्तींपैकी एकटे हिदायतुल्ला विरोधात. माझं मत हिदायतुल्लांना. जिवाला धोका वेगळा, धंद्याला तोटा वेगळा. आणि बंदी घालायचीच तर कारण लेखी हवं, म्हणजे वरच्या कोर्टात त्यावर भांडता येतं.

आपलं सर्वोच्च न्यायालय सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचं कामकाज थेट दाखवतं. तिथे साक्षी होत नाहीत, युक्तिवाद होतात. कोर्टाच्या थेट प्रक्षेपणासाठी २०२१ मध्ये केलेल्या नमुना नियमांत साक्षीपुरावा आणि उलटतपासणी वगळलेली आहे. शहाणपणाचं आहे. शिवाय आधीच्या साक्षीदाराला टीव्हीवर ऐकून पुढच्याने आपली गोष्ट जुळवून घ्यायची, हाही धोका असतोच. पण आपल्या वाहिन्यांना कोर्टातला कॅमेरा लागतोच कुठे? तपास चालू असतानाच त्या साक्षीदाराच्या दारात माईक घेऊन हजर. उद्या तो फितूर झाला की "साक्षीदार पलटला" म्हणून पुन्हा तेच ओरडणार.

२०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. अर्ज करा, पोलीस धोक्याचा अहवाल देतील, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवेल. माझ्यासारख्या पंचाने कडी बघायची की अर्ज लिहायचा?

आरोपीला माझं नाव कळायलाच हवं, त्याशिवाय त्याचा वकील उलटतपासणी काय घेणार? पण घर नंबर मोठ्यांदा कशाला? त्या दिवशी पिंजऱ्यातून उतरल्यावर भत्त्याचा फॉर्म भरायला दिला. त्यातही पत्त्याचा रकाना होता. कारकुनाने तो बघितला, शिक्का मारला आणि मुकाट फाईलला लावला.