‘११८९’ भिंतीवर आहे, दप्तरात नाही

नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या कड्याला पाठ टेकून एक पांढरा पब उभा आहे, ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’. त्याच्या भिंतीवर ‘११८९’ असं रंगवलेलं आहे. इंग्लंडला फिरायला गेलेल्यांच्या फोटोंखाली त्याच्याबद्दल एकच मजकूर फिरत असतो: ही इंग्लंडमधली सर्वांत जुनी सराई, इ.स. ११८९ची, इंग्लंडचा राजा रिचर्ड याचे सैनिक जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला निघताना इथे थांबून पिऊन गेले.

आधी सन घ्या. ११८९ हे रिचर्ड गादीवर आला ते वर्ष. त्या वर्षी इथे पब असल्याचा एकही लेखी पुरावा नाही. रिचर्डने नॉटिंगहॅमच्या किल्ल्याला वेढा घातला तो ११९४मध्ये, म्हणजे धर्मयुद्धावरून परतल्यावर, आणि तोही भाऊ जॉनच्या माणसांकडून किल्ला सोडवायला.

नाव? १८व्या शतकात हा पब ‘पिल्ग्रिम’, म्हणजे यात्रेकरू, म्हणून ओळखला जाई. आजचं नाव नोंदीत सापडतं ते १७९९पासून.

इमारतही १७व्या शतकातली.

“पण मागच्या गुहा तर जुन्या आहेत ना?” हा मुद्दा वजनदार आहे. तिथला वालुकाश्म इतका मऊ, की साध्या हत्यारानेही कोरता येतो. शहराखाली अशा आठशेहून जास्त गुहा सापडल्या आहेत. वरच्या खोलीत बसलं की डोक्यावर छत नसतं, उघडा खडकच असतो. किल्ल्यासाठीची बिअर इथे बनवली जात असेलही. पण किल्ल्याची भट्टी वेगळी आणि वाटसरूला पैसे घेऊन पेला देणारी सराई वेगळी. गुहेचं वय पबला लावता येत नाही.

“खोटं असलं म्हणून बिघडलं कुठे?” बिघडतं. लोक ‘११८९’सोबत फोटो काढतात आणि निघून जातात. त्याच शहरात, बाजारचौकाजवळ ‘बेल इन’ आहे. तिच्या तुळयांमधून पेन्सिलीएवढी जाड लाकडाची सळई काढून तिच्यातली वलयं मोजली, तेव्हा लाकूड १५व्या शतकातलं निघालं. हा खरा पुरावा, आणि तिकडे कुणी फिरकत नाही याचं मला फार वाईट वाटतं. इंग्लंडमधल्याच सेंट अल्बन्स शहरातल्या ‘फायटिंग कॉक्स’ पबचा इ.स. ७९३चा दावाही असाच पुराव्याविना चालतो. गिनीजने तर सर्वांत जुन्या पबचा विक्रम २०००मध्ये बंदच केला.

‘ट्रिप’ला जरूर जा, खडकाला हात लावून बघा. मग चालत बाजारचौकात या, बेलमध्ये बसा आणि मान वर करून त्या तुळया बघा.