गोषवारा जुळला, पण फायली किती आल्या? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. शाळांकडून आलेल्या, एका फोल्डरमधल्या ढीगभर एक्सेल फायली एकत्र करून गोषवारा काढताना येणाऱ्या चुकांवरचा माझा लेख तुम्हाला राईचा पर्वत वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं, अनेक फायलींतली माहिती ओढून एकत्र करणारं साधन) ‘स्किप फाइल्स विथ एरर्स’, म्हणजे चूक असलेल्या फायली वगळा, अशी चौकट आहे, तिथे टिक केली की काम संपलं. जुना मॅक्रो (एक्सेलकडून काम आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्रॅम) असेल तर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, म्हणजे चूक आली तरी न थांबता पुढच्या ओळीवर जा, ही एक ओळ पुरते. आणि चुका येतात त्या खालून माहिती भरणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे, तेव्हा प्रपत्रच लॉक करून पाठवावं.

आधी टिकबद्दल. ती चौकट काय करते, तर जी फाइल ठरलेल्या साच्यात वाचता आली नाही ती अख्खी बाजूला टाकते आणि कुणाला सांगत नाही. समजा, नमुन्याच्या फाइलमध्ये (जिच्यावरून पॉवर क्वेरी साचा ठरवते) शीटचं नाव ‘शीट१’ आहे आणि एका शाळेने ते बदलून ‘एप्रिल’ केलं. टिक नसती तर ‘द की डिडन्ट मॅच एनी रोज इन द टेबल’ (म्हणजे त्या नावाचं काही सापडलं नाही) असा लाल संदेश आला असता. तुम्ही वैतागला असता, शीटचं नाव बदललं असतं आणि विषय मिटला असता. टिक असेल तर ती शाळा गोषवाऱ्यातून गायब. बेरीज येते, पीव्हट (सारांश-तक्ता) छान दिसतं, आणि जिल्ह्याला अहवाल जातो. तीन महिन्यांनी त्या शाळेचे मुख्याध्यापक ‘आम्ही तर वेळेत पाठवली होती’ म्हणत दारात उभे राहतात, आणि ते खरंच बोलत असतात.

शिवाय ही टिक फक्त फाइल पातळीवरच्या चुकांसाठी आहे. फाइल नीट उघडली पण आतल्या एखाद्या सेलमध्ये घोटाळा आहे, तर तिचा काही उपयोग नाही. तो सेल शीटवर रिकामा उतरतो आणि उजवीकडच्या पट्टीत क्वेरीच्या नावाखाली बारीक अक्षरात चुकांचा आकडा येतो. तो आकडा डोळ्यांत खुपतो म्हणून बरेच जण ‘रिमूव्ह एरर्स’ दाबतात. त्याने सेल नाही, पूर्ण ओळ जाते.

आपल्याकडे यात सर्वांत जास्त बळी कोण जातं माहीत आहे? ‘निरंक’. लाभार्थी संख्येच्या कॉलममध्ये शून्य न लिहिता ‘निरंक’ लिहायची सरकारी कागदाची सवय एक्सेलमध्येही आली आहे. कॉलमचा प्रकार ‘होल नंबर’ (पूर्णांक) केला की त्या शब्दाचं संख्येत रूपांतर होत नाही आणि एरर येते. ओळ उडवली तर त्याच ओळीतले बाकीचे खरे आकडेही गेले. सगळ्या चुकांच्या जागी शून्य भरलं, तर ‘निरंक’पुरतं ते बरोबर आहे. पण त्याच कॉलममध्ये कुणी ‘अप्राप्त’ लिहिलेलं असतं. ‘निरंक’ म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं, ‘अप्राप्त’ म्हणजे अजून मोजलेलंच नाही. दोघांना शून्य दिलं की गोषवारा खोटा झाला. म्हणून प्रकार बदलण्याच्या आधी ‘रिप्लेस व्हॅल्यूज’ने ‘निरंक’ला शून्य करावं, ‘अप्राप्त’ला नल (रिकामं) करावं, आणि तरीही ज्या चुका उरतील त्या ‘कीप एरर्स’ वापरून वेगळ्या क्वेरीत ठेवाव्यात. ती यादी हातात असली की कुणाला फोन करायचा ते कळतं.

तारखांचा प्रकार याहून वाईट. फायलींमध्ये तारखा मजकूर म्हणून टाइप केलेल्या असतील आणि क्वेरीची लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ती सेटिंग) अमेरिकन इंग्लिश, म्हणजे आधी महिना मग दिवस, अशी असेल, तर ‘१३/०४/२०२४’ला एरर येते, कारण तेरावा महिना नाही. ‘०३/०४/२०२४’ मात्र बिनबोभाट आत येते आणि ३ एप्रिलची ४ मार्च होते. आता ‘रिमूव्ह एरर्स’ दाबा: ज्यांच्यामुळे गडबड लक्षात आली असती त्या ओळी गेल्या, आणि चुकीच्या तारखा मागे राहिल्या! इथे एरर हाच एकमेव सावध करणारा होता. उपाय सोपा आहे. ‘चेंज टाइप’मध्ये ‘यूझिंग लोकेल’ घेऊन इंग्लिश (इंडिया) निवडा.

काही चुका तर एरर म्हणून दिसतच नाहीत. एका फाइलमध्ये ‘रक्कम’ या शीर्षकापुढे एक स्पेस जास्त पडली असेल, तर पॉवर क्वेरी तो कॉलम वेगळाच समजते. फोल्डर एकत्र करताना कॉलमची नावं नमुना फाइलवरून घेतली जातात, त्यामुळे त्या फाइलच्या सगळ्या रकमा नल येतात आणि तक्रार शून्य. अशी चुपचाप गळती मोठ्या प्रमाणावरही झाली आहे: इंग्लंडमध्ये २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांत आलेच नव्हते. प्रयोगशाळांच्या फायली जुन्या एक्सएलएस प्रकारात ओढल्या जात होत्या, त्यात एका शीटला ६५,५३६ ओळींची मर्यादा, आणि त्यापुढचं कापलं गेलं, अशी माहिती तेव्हा बातम्यांत आली. फाइल मोठी झाली म्हणून कुठलीही खिडकी उघडून इशारा आला नव्हता.

आता तुमचा मॅक्रो. तुम्ही लिहिता, ‘वर्षानुवर्षं चालतोय, कधी अडकला नाही.’ अडकणार नाहीच, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ त्यासाठीच आहे! लूप (एकेक फाइल घेणारी फेरी) पाचव्या फाइलवर आला, ठरलेल्या नावाचं शीट मिळालं नाही, एरर नंबर ९ (मागितलेली वस्तू यादीत नाही) आली आणि गिळली गेली. पण ज्या व्हेरिएबलमध्ये (माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या जागेत) तुम्ही शीटचा डेटा घेता, त्यात चौथ्या फाइलचा डेटा तसाच पडून आहे. पुढची ओळ तो निमूटपणे मास्टर शीटमध्ये पुन्हा चिकटवते. म्हणजे पाचवी शाळा गेलीच, वर चौथी दोनदा आली. गाळलेली फाइल निदान बेरीज कमी करते. इथे बेरीज जवळपास बरोबर दिसते, म्हणून शंकाही येत नाही.

मी लेखात दिलेली चार-पाच ओळींची कवायत त्यासाठीच होती. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला वर्कबुक आणि शीटचे व्हेरिएबल ‘नथिंग’ (रिकामे) करायचे, डेटा ज्यात घेतो तो ॲरे रिकामा करायचा, फाइल उघडण्याच्या आणि शीट धरण्याच्या ओळींपुरतंच ‘रिझ्यूम नेक्स्ट’ ठेवायचं, ‘नथिंग’ आहे का तपासायचं आणि असेल तर फाइलचं नाव, एररचा क्रमांक नि वर्णन नोंद-शीटवर लिहून पुढे जायचं. लगेच ‘ऑन एरर गो टू झीरो’, म्हणजे चुका गिळणं बंद. काही जण चूक आली की लूपमध्ये ‘गो टू’ने लेबलवर (कोडमधल्या नाव दिलेल्या जागेवर) उडी मारतात आणि ‘रिझ्यूम’ न लिहिता तसेच पुढच्या फाइलवर जातात. पहिली खराब फाइल त्यात निभावते, दुसऱ्या खराब फाइलला मॅक्रो कोसळतो. (जाता जाता: शीटचं नाव मराठीत असेल तर ते कोडमध्ये टाइप करू नका, व्हीबीएच्या (मॅक्रो लिहायच्या) खिडकीत त्याची प्रश्नचिन्हं होतात. एखाद्या सेलमध्ये लिहा आणि तिथून वाचा.)

प्रपत्र लॉक करण्याला माझा विरोध नाही, करावंच. पण मोकळ्या सेलवर कुणी दुसऱ्या फाइलमधून कॉपी-पेस्ट केलं की डेटा व्हॅलिडेशन (सेलमध्ये काय भरता येईल याची बंधनं) पुसलं जातं. आणि लोक कॉपी-पेस्टच करतात.

एक गोष्ट तुमची मान्य: काही फायली खरोखर वगळायच्याच असतात. कुणीतरी फाइल उघडी ठेवल्यामुळे तयार झालेली ‘टिल्ड-डॉलर’ने सुरू होणारी तात्पुरती फाइल, किंवा ‘जुनी’ अशा नावाचा उपफोल्डर. पण त्या नावावरून गाळा, एररवरून नको. आणि शेवटी दोन आकडे शेजारी ठेवा: फोल्डरमधल्या फायलींची संख्या, आणि गोषवाऱ्यात आलेल्या वेगवेगळ्या फाइल-नावांची संख्या. फरक पडला तर फायलींच्या यादीला गोषवाऱ्याशी ‘लेफ्ट अँटी’ने (फक्त न जुळलेल्या नोंदी ठेवणारी पद्धत) मर्ज केलं की राहिलेली नावं समोर येतात.

तुम्ही विचारलेल्या ‘करप्टेड डेटा’च्या संदेशाबद्दल: बऱ्याचदा ती फाइल खराब नसते, तिला पासवर्ड असतो. पॉवर क्वेरीला पासवर्डची फाइल उघडता येत नाही आणि ती हेच कारण सांगते. याच्याशी गल्लत होणारा दुसरा प्रकार म्हणजे पोर्टलवरून उतरवलेली ‘एक्सएलएस’, जी आतून साधं एचटीएमएल (वेबचं) पान असते. तिच्यावर मात्र ‘नॉट इन द एक्स्पेक्टेड फॉरमॅट’ असा संदेश येतो. दोन्ही वेळा पुन्हा पाठवायला सांगण्याआधी फाइल एकदा डबल-क्लिक करून बघा. पासवर्डची चौकट आली तर तो मागून घ्या आणि काढून सेव्ह करा, आणि एक्स्टेन्शन जुळत नसल्याचा इशारा आला तर ‘सेव्ह ॲज’ने खऱ्या एक्सएलएसएक्समध्ये जतन करा.